भुईआवळी : ओळख, गुण आणि मर्यादा

सोलापूर शहराच्या दक्षिणेस, विजापूर रस्त्यालगत, जुळे सोलापूर ही वस्ती वसली आहे. जेथे पूर्वी ज्वारी-तुरीची शिवारे होती, तेथे आता घरे, दुकाने व शाळा उभ्या आहेत. तथापि मोकळे भूखंड, रस्त्यांच्या कडा व कुंपणाच्या आतील ओल्या जागा यांतून जुन्या शिवारातील रानटी वनस्पती अद्यापि टिकून आहेत. मृगाच्या सरी पडून माती भिजली की थोड्याच दिवसांत तेथे वीतभर उंचीची, आवळ्याच्या पानांसारखी बारीक पाने असलेली एक झुडपी उगवू लागते. तीच भुईआवळी होय. शहराबाहेर दक्षिण सोलापूर व मोहोळ तालुक्यांतील विहिरींच्या थारोळ्याशेजारी, उसाच्या पाटाकडेला, डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळीखाली व उडीद-मुगाच्या ओळींतही ती आढळते. शेतकरी तिला तण समजून खुरपतो. आणि घरात कोणास कावीळ झाली की तिचाच शोध घेत बांधाबांधाने फिरतो.

या वनस्पतीविषयी दोन टोकांची मते प्रचलित आहेत. कोणी म्हणतो, भुईआवळीने कावीळ हमखास बरी होते, डॉक्टरांची गरजच नाही. कोणी म्हणतो, या सर्व अडाणी समजुती आहेत. ही दोन्ही मते अपुरी आहेत. या वनस्पतीवर भारतात व भारताबाहेर पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातून काय सिद्ध झाले व काय झाले नाही, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकऱ्यांस ठाऊक असणे जरूर आहे. कारण येथील अज्ञानाची किंमत कधी कधी रुग्णाच्या प्राणांनी मोजावी लागते.

नावे आणि ओळख

सोलापूर हा बहुभाषिकांचा जिल्हा आहे. मराठीत जिला भुईआवळी किंवा भुईआवळा म्हणतात, तिलाच येथील तेलुगू भाषक विणकर कुटुंबे ‘नेल उसिरि’ म्हणतात, तर कन्नड भाषक ‘नेलनेल्ली’ म्हणतात. तिन्ही नावांचा अर्थ एकच : जमिनीवरचा आवळा. संस्कृतात तिला भूम्यामलकी, तामलकी व बहुपत्रा अशी नावे आहेत. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ‘फायलँथस अमारस’ असे आहे. ‘अमारस’ म्हणजे कडू. पान चावून पाहिल्यास नावाची सार्थकता तत्काळ पटते.

ही वर्षायू वनस्पती आहे. तिची उंची साधारणतः १० ते ६० सेंटिमीटर असते. मुख्य खोड सरळ, गुळगुळीत व हिरवे असते. त्यापासून बारीक आडव्या डहाळ्या फुटतात आणि त्या डहाळ्यांच्या दोन्ही बाजूंस ५ ते १० मिलिमीटर लांबीची, लंबगोल, बोथट टोकाची पाने ओळीने लागलेली असतात. त्यामुळे प्रत्येक डहाळी म्हणजे जणू आवळ्याचे किंवा चिंचेचे एक संयुक्त पान आहे, असा भास होतो. मुख्य खोडावर मात्र अशी पाने नसतात. ही खूण महत्त्वाची आहे. सायंकाळी पाने मिटतात.

डहाळी उलटी करून पाहावी. पानांच्या बगलेत खालच्या बाजूस अगदी लहान, फिकट फुले दिसतील. त्यानंतर सुमारे २ मिलिमीटर व्यासाची, गुळगुळीत, हिरवी, गोल फळे बारीक देठावर लोंबू लागतात. आवळ्याची आठवण करून देणारी ही फळे डहाळीच्या खाली लपलेली असतात. प्रत्येक फळात तीन कप्पे व सहा बिया असतात. फळ पक्व होऊन वाळले म्हणजे ते फुटते व बिया दूर उडतात. एका वर्षी खुरपून काढलेली भुईआवळी पुढील वर्षी त्याच जागी का उगवते, याचे उत्तर या फुटणाऱ्या फळात आहे.

सारख्या दिसणाऱ्या वनस्पती

भुईआवळी या एका नावाखाली निरनिराळ्या चार-पाच वनस्पती गोळा केल्या जातात, ही या विषयातील पहिली अडचण होय. जुन्या ग्रंथांतूनही हा घोटाळा झालेला आहे. भारतातील भुईआवळीस पूर्वी सरसकट ‘फायलँथस निरुरी’ म्हटले जाई. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिणारे थिओडोर कुक यांनीही तेच नाव वापरले होते. परंतु खरी ‘निरुरी’ ही अमेरिका खंडातील वनस्पती आहे. १९८५ साली भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आपल्याकडे त्या नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस व डेबिलिस अशा तीन जाती एकत्र झालेल्या आहेत. आयुर्वेदाच्या शासकीय औषधिकोशात तामलकी म्हणून ‘फायलँथस फ्रॅटर्नस’ या जातीची नोंद आहे. अमारस व फ्रॅटर्नस या दोन जाती दिसण्यात इतक्या जवळच्या आहेत, की फुलाच्या पाकळीसारख्या दलांची संख्या मोजूनच फरक कळतो. अमारसमध्ये ती बहुधा पाच व फ्रॅटर्नसमध्ये सहा असतात. यासाठी भिंग लागते.

शेतकऱ्यास डोळ्यांनी सहज ओळखता येतील असे भेद पुढीलप्रमाणे आहेत.

लाल भुईआवळी (फायलँथस युरिनारिया) : हिच्या खोडावर व डहाळ्यांवर बहुधा तांबूस छटा असते. फळे जवळजवळ बिनदेठाची व खरखरीत असतात. अमारसचे फळ देठावर लोंबते व गुळगुळीत असते.

काळ्या जमिनीतील भुईआवळी (फायलँथस मद्रासपटेन्सिस) : ही सोलापूरसारख्या कोरड्या, काळ्या जमिनीच्या प्रदेशात पुष्कळ आढळते. तिची पाने पाचरीसारखी, म्हणजे देठाकडे निमुळती व टोकाकडे रुंद असतात, आणि ती मुख्य खोडावरही लागतात. जेथे डहाळी संयुक्त पानासारखी दिसत नाही, तेथे ती आपली भुईआवळी नव्हे असे समजावे.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नाही. दक्षिण भारतातील २५ दुकानांतून घेतलेल्या भुईआवळीच्या नमुन्यांची तपासणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७६ टक्के नमुन्यांत मुख्यतः अमारस ही जात होती. उरलेल्या २४ टक्के नमुन्यांत इतर पाच जाती आढळल्या. म्हणजे दुकानातून घेतलेल्या चार पुड्यांपैकी एका पुडीत दुसरीच वनस्पती निघण्याचा संभव असतो. जातीनुसार औषधी द्रव्यांचे प्रमाण बदलते. तेव्हा एकाला गुण आला व दुसऱ्याला आला नाही, याचे एक कारण येथेही असू शकते.

परंपरेतील स्थान

चरकसंहितेत तामलकीची गणना खोकला व दमा यांवरील औषधगणांत केली आहे, आणि च्यवनप्राशाच्या घटकांतही तिचा समावेश आहे. पुढील काळात यकृताचे विकार, कावीळ, मूत्रविकार व ताप यांवर तिचा उपयोग रूढ झाला. आपल्या खेड्यांतून आज ती मुख्यतः काविळीचे औषध म्हणूनच ओळखली जाते. ताजी वनस्पती मुळासकट उपटून, धुऊन, वाटून तिचा रस ताकातून किंवा दुधातून देण्याची चाल ठिकठिकाणी आहे.

दूरच्या देशांतही तिच्या गणातील वनस्पतींना असाच मान आहे. ब्राझीलमध्ये ‘फायलँथस निरुरी’ला ‘दगडफोडी’ अशा अर्थाचे नाव असून मुतखड्यावर तिचा काढा घेतात. समुद्रापलीकडच्या लोकांनी स्वतंत्रपणे एकाच गणातील वनस्पती औषधासाठी निवडाव्यात, ही गोष्ट शास्त्रज्ञांचे लक्ष वेधणारी ठरली.

शास्त्रीय कसोटी

परंपरा कोठे शोध घ्यावा हे सांगते. शोधाचे उत्तर मात्र प्रयोगानेच मिळते. भुईआवळीच्या बाबतीत हा शोध बऱ्याच टप्प्यांनी झाला.

पहिला टप्पा रसायनांचा. १९४६ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या वनस्पतीतून ‘फायलँथिन’ नावाचे द्रव्य वेगळे केले. त्याच्या जोडीचे ‘हायपोफायलँथिन’ हेही पुढे ज्ञात झाले. याशिवाय टॅनिन वर्गातील काही द्रव्ये तिच्यात आहेत. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, उंदरांच्या यकृतपेशींवर विषारी रसायनांचा मारा केला असता, फायलँथिन व हायपोफायलँथिन यांनी त्या पेशींचे काही प्रमाणात रक्षण केले असे दिसून आले. तेव्हापासून प्राण्यांवर झालेल्या अनेक प्रयोगांत यकृतरक्षणाचा हा गुण पुन्हा पुन्हा दिसला आहे. एवढी गोष्ट भक्कम मानण्यास हरकत नाही.

दुसरा टप्पा काविळीच्या विषाणूचा. हिपॅटायटिस बी या रोगाच्या विषाणूचा माग बरुच ब्लमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात लावला व त्याबद्दल त्यांस १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मद्रास येथील एस. पी. त्यागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिले, की भुईआवळीच्या अर्काचा काचपात्रात या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रतिजनावर परिणाम होतो. मग ब्लमबर्ग व मद्रासचे संशोधक यांनी मिळून माणसांवर प्रयोग केला. ज्यांच्या रक्तात हा विषाणू दीर्घकाळ राहिलेला आहे अशा वाहक व्यक्तींना ३० दिवस भुईआवळीचे चूर्ण, व तुलनेसाठी दुसऱ्या गटास औषध नसलेल्या कुप्या देण्यात आल्या. चूर्ण घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या, म्हणजे ५९ टक्के लोकांच्या रक्तातून प्रतिजन नाहीसे झाले. दुसऱ्या गटात २३ जणांपैकी केवळ एकाच्या रक्तातून ते गेले. १९८८ साली हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध होताच जगभर खळबळ उडाली. बांधावरचे एक तण आणि जगातील कोट्यवधी लोकांना जडलेला रोग यांची अशी गाठ पडली होती.

तिसरा टप्पा पडताळणीचा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा होय. एका ठिकाणी आलेले फळ दुसऱ्या ठिकाणीही यावे, तरच शास्त्र ते स्वीकारते. थायलंडमध्ये १९९० व १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अपेक्षित परिणाम दिसला नाही. न्यूझीलंडमध्ये तोच अनुभव आला. आपल्या मुंबईतही वैद्यकीय संशोधकांनी दोन टप्प्यांत प्रयोग केला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात भुईआवळीने प्रतिजन नाहीसे झाले नाही असे नमूद आहे. वनस्पतीची जात, ती वाढली ती जमीन, काढणीचा हंगाम व अर्क करण्याची रीत यांत फरक असल्यामुळे असे झाले असावे, असा युक्तिवाद काहींनी केला. तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु २०११ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा १६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा बहुतेक प्रयोगांची रचना सदोष आढळली व निव्वळ भुईआवळीने हिपॅटायटिस बी बरा होतो असे म्हणण्यास खात्रीलायक पुरावा मिळाला नाही.

मूत्रविकारांच्या बाबतीतही आशा आहे, पण निर्णय नाही. ब्राझीलमधील प्रयोगात, ज्यांच्या लघवीतून कॅल्शियम अधिक जाते अशा मुतखड्याच्या रुग्णांत ते प्रमाण कमी झालेले दिसले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात रक्तदाब असलेल्या नऊ व्यक्तींवर भुईआवळीचा परिणाम पाहिला गेला. लघवीचे प्रमाण वाढले व रक्तदाब आणि रक्तातील साखर उतरली. नऊ व्यक्ती ही संख्या फार लहान आहे. मात्र त्यातून एक सावधगिरी निश्चित निघते : जे मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेत आहेत, त्यांनी डॉक्टरांस न विचारता भुईआवळी घेऊ नये, कारण साखर किंवा रक्तदाब प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोका आहे. गर्भवती स्त्रियांनीही ती घेऊ नये.

थोडक्यात सांगावयाचे तर, भुईआवळी ही गुणवान वनस्पती आहे. ती सिद्ध औषध अद्यापि झालेली नाही.

मग गुण कसा येतो?

“आमच्या घरात भुईआवळीने कावीळ बरी झाली, ते खोटे काय?” असा प्रश्न गावात हटकून विचारला जाईल. त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

कावीळ हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे. यकृताचे काम बिघडले किंवा पित्ताची वाट अडली, की रक्तातील पिवळे द्रव्य वाढते व डोळे, कातडी आणि लघवी पिवळी होते. त्याची कारणे अनेक आहेत. दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारे हिपॅटायटिस ए व ई, रक्तातून, दूषित सुईतून व मातेकडून बाळाकडे जाणारा हिपॅटायटिस बी, रक्तातून पसरणारा सी, मद्यपान, पित्ताशयातील खडा, लेप्टोस्पायरा जंतूंचा ताप, आणि काही औषधांचा दुष्परिणाम, ही त्यांपैकी प्रमुख होत.

खेड्यात पावसाळ्यात जी कावीळ पसरते, ती बहुतांशी ए किंवा ई प्रकारची असते. या प्रकारांत बहुसंख्य रुग्ण विश्रांती व साधा आहार यांवर काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्या काळात रुग्णास भुईआवळी दिली, गळ्यात काविळीची माळ घातली, किंवा काहीच केले नाही, तरी बहुतेकांची कावीळ उतरतेच. जे औषध त्या वेळी चालू असते त्यास श्रेय मिळते. भुईआवळीने यकृताला थोडी मदत होतही असेल. पण केवळ रुग्ण बरा झाला एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ दोन गट करून तुलना करतात.

धोका आहे तो उरलेल्या थोड्या रुग्णांना. हिपॅटायटिस ई हा गर्भवती स्त्रीस, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अतिशय घातक ठरतो. अशा स्त्रियांपैकी शेकडा २० ते २५ पर्यंत दगावू शकतात. १९५५-५६ साली दिल्लीत दूषित पाण्यामुळे आलेली काविळीची प्रचंड साथ ही याच विषाणूची होती, असे पुढे निष्पन्न झाले. हिपॅटायटिस बीमध्ये डोळ्यांचा पिवळेपणा ओसरला तरी काहींच्या रक्तात विषाणू वर्षानुवर्षे राहतो व पुढे यकृत निबर होते किंवा कर्करोग होतो. अशा माणसास “पाल्याने कावीळ उतरली” या समाधानावर घरी ठेवणे म्हणजे रोगास मोकळीक देणे होय.

म्हणून पुढील लक्षणे दिसल्यास रुग्णास कोणत्याही पाल्याची वाट न पाहता तत्काळ दवाखान्यात न्यावे : रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत राहू लागला, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त पडते, पोट किंवा पाय फुगले, ताप थंडीसह चढतो, पोटाच्या उजव्या बाजूस तीव्र कळ येते, लघवी कमी झाली, किंवा कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरत नाही. गर्भवती स्त्री व तान्हे मूल यांना कावीळ दिसताच, इतर कोणतेही लक्षण नसले तरी, त्याच दिवशी दाखवावे. पोटावर किंवा दंडावर डाग देणे, नाकात कडू रस घालणे हे उपाय इजा करणारे आहेत. ते निक्षून टाळावेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी सांगतील. सोलापूर शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालय आहे. राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला असून त्याखाली हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी आणि औषधे विनामूल्य देण्याची सोय आहे. हिपॅटायटिस सीवर आज रोग समूळ घालवणारी औषधे आहेत. हिपॅटायटिस बीस आवर घालणारी औषधे आहेत व त्याची लसही आहे. बाळास जन्मल्यापासून २४ तासांच्या आत ती लस टोचून घेणे, ही भुईआवळीच्या कोणत्याही मात्रेपेक्षा खात्रीची गोष्ट आहे.

गोळा करणे व वाळवणे

वैद्यांच्या सल्ल्याने वापरण्यासाठी किंवा औषधनिर्मात्यास देण्यासाठी भुईआवळी गोळा करावयाची असल्यास पुढील पथ्ये पाळावीत.

जागा : रस्त्याची कड, गटाराचा काठ, कचऱ्याची जागा व बांधकामाचा राडारोडा पडलेले भूखंड येथील भुईआवळी कितीही तजेलदार दिसली तरी घेऊ नये. जुळे सोलापुरातील मोकळ्या भूखंडांवर ती विपुल असली, तरी सांडपाणी व वाहनांचा धूर यांमुळे ती औषधास योग्य नाही. डाळिंब व द्राक्ष यांच्या बागांतून कीटकनाशके व बुरशीनाशके वारंवार फवारली जातात. तेथील भुईआवळीही वर्ज्य समजावी. तणनाशक मारलेल्या शेतातील तर मुळीच घेऊ नये. यकृताच्या औषधाबरोबर यकृतास अपायकारक विष पोटात जाणे, यापरता विपर्यास कोणता?

वेळ : झाडावर हिरवी फळे धरलेली आहेत व पाने पिवळी पडलेली नाहीत, अशा अवस्थेत काढणी करावी. आपल्या भागात पाऊस सप्टेंबरमध्ये सर्वांत अधिक पडतो. तेव्हा उघडीप पाहून, दव सुकल्यावर काम करावे.

रीत : औषधात मूळ, खोड व पान या सर्वांचा उपयोग होत असल्याने झाड मुळासकट उपटावे. गाजर गवताची रोपे भुईआवळीत मिसळून उगवलेली असतात. गाजर गवताने कातडीस खाज व पुरळ उठते. एकही रोप मालात येता कामा नये. प्रत्येक ठिकाणी निदान चौथा हिस्सा झाडे बियांसाठी उभी ठेवावीत.

वाळवण : मुळांची माती स्वच्छ पाण्याने धुऊन, पाणी निथळू द्यावे व सावलीत, वारा खेळत्या जागी, स्वच्छ कापडावर पातळ थर पसरावा. जमिनीवर किंवा डांबरी रस्त्यावर वाळवू नये. वाळताना बारीक पाने गळतात. औषधी द्रव्ये पानांत अधिक असल्याने गळलेली पाने झटकून न टाकता कापडावरून गोळा करून मालातच ठेवावीत. काडी वाकवली असता कट्कन मोडली म्हणजे माल वाळला असे समजावे. कोरड्या पोत्यात भरून त्यावर गाव, शेत व काढणीचा दिनांक लिहावा. बुरशी धरलेला माल फेकून द्यावा.

लागवडीविषयी

रानातून गोळा केलेल्या मालात जातींची भेसळ होते; लागवडीच्या मालात ती टाळता येते, हा लागवडीचा मोठा लाभ होय. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘नव्यकृत’ नावाचा सुधारित वाण तयार केला आहे.

बी अत्यंत बारीक असते. म्हणून ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर फेकावे आणि मातीने खोल झाकू नये. वाफ्यास झारीने पाणी द्यावे. रोपे मे महिन्याच्या अखेरीस तयार करून, पाऊस लागल्यावर १५ × १० सेंटिमीटर अंतराने लावता येतात. पीक साधारण तीन महिन्यांत काढणीस येते. पाणी तुंबणारी जमीन टाळावी. रोपे लहान असताना दोन खुरपण्या आवश्यक आहेत, कारण हे तण असले तरी इतर तणांपुढे त्याचे चालत नाही.

आमचा आग्रह असा, की प्रथम गुंठा-दोन गुंठ्यांवर प्रयोग करून पाहावा. सोलापूरचा पाऊस लहरी आहे; येथील कोरडवाहू शेतीच्या प्रश्नांवर १९३० च्या दशकापासून संशोधन चालू आहे, यावरूनच त्या प्रश्नाची खोली ध्यानात येते. भुईआवळीस ओल हवी. रब्बी ज्वारीचे रान अडवून किंवा कर्ज काढून हे पीक घेऊ नये. लागवडीपूर्वी खरेदीदार निश्चित करावा. त्यास कोणती जात, किती ओलावा व कोणती तपासणी हवी ते लेखी घ्यावे. बी ज्याच्याकडून घ्यावयाचे, त्यास वनस्पतिशास्त्रीय नाव विचारावे. ओळखीविषयी शंका असल्यास फुले-फळे असलेले रोप वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावे व जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, किंवा पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या कार्यालयात दाखवावे.

कार्यकर्त्यांचे काम

गावात कावीळ दिसली, की कार्यकर्त्याने प्रथम पाण्याकडे वळावे. एकाच आळीत दोन-तीन रुग्ण आढळल्यास आशा सेविका व आरोग्य केंद्र यांना त्याच दिवशी कळवावे. विहीर व टाकी यांत ब्लीचिंग पावडर पडते की नाही ते पाहावे, नळ गटारातून गेला आहे काय ते तपासावे, पाणी उकळून पिण्यास सांगावे व शौचानंतर साबणाने हात धुण्याचा पाठ पुन्हा द्यावा. एक रुग्ण औषधाने बरा होईल. पण पाणी शुद्ध झाले तर पुढचे रुग्ण होणारच नाहीत.

गावातील वडीलधाऱ्यांशी बोलताना त्यांच्या वनस्पतिज्ञानाचा उपहास करू नये. “आजी, तुमचा पाला वाईट नाही, पण आधी रक्त तपासून घेऊ, आणि डॉक्टरांस पाल्याचीही माहिती देऊ,” असे म्हटल्यास ऐकणाऱ्यास ते पटते. ज्यास हिणवले जाते तो माणूस लपून औषध देतो, आणि लपून दिलेल्या औषधाची माहिती डॉक्टरांस मिळत नाही.

शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीच्या परसात भुईआवळी व तिच्यासारख्या दिसणाऱ्या वनस्पती शेजारी शेजारी लावून त्यांवर नावाच्या पाट्या लावाव्यात. पावसाळ्यातील एका दुपारी शेतकऱ्यांना व मुलांना बोलावून डहाळी उलटी करून देठावर लोंबणारे फळ दाखवावे. जो ही वनस्पती अचूक ओळखू शकतो आणि तिची मर्यादाही सांगू शकतो, असा एक माणूस प्रत्येक गावात असावा. त्याच्या हातून भुईआवळीचा सदुपयोग होईल, आणि ज्या रुग्णास दवाखान्याची गरज आहे तो वेळेवर दवाखान्यात पोहोचेल.